गाणी आणि मोकळं वादन एकाच अल्बममध्ये: सांधे कसे जुळवायचे?

सहावी_तार (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी. एक अल्बम जुळवतोय, एकूण ४० मिनिटांचा. पाच गाणी आहेत: दोन बालकवींच्या कविता, एक तुकोबांचा अभंग, दोन नवी. गाण्यांच्या मधे, आणि कधी गाण्याच्या पोटातच, गिटारचं मोकळं वादन. आधी काही न ठरवता वाजवलेलं, म्हणजे इम्प्रो. असं वादन साडेतीन तासांचं साठलंय.

सामान: सिंगल कॉइलची इलेक्ट्रिक (साडेपंचवीस इंची स्केल, १०-४६ तारा), १५ वॉटचा अँप, दोन इनपुटांचा इंटरफेस (गिटार-माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), एक एसएम ५७ माइक, एक कंडेन्सर माइक, लॅपटॉप. खोली पहिल्या मजल्यावर, १० बाय १२ फूट, वर पत्रे, मागच्या गल्लीत विणकरांचे माग. गाणाऱ्याचा सा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी, सी शार्प). इम्प्रो मात्र गिटारच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये झालंय.

मुख्य दुखणं असं की गाणी एका अल्बमची वाटतात आणि इम्प्रो दुसऱ्याच. शिवाय ५० हर्ट्झची घुंई जात नाही. डिलेवर (वाजवलेलं काही सेकंदांनी परत ऐकवणाऱ्या इफेक्टवर) थर चढवले की दोन मिनिटांत चिखल होतो. तारांत क्लिपा, पेन्सिल अडकवून मिळालेला आवाज दुसऱ्या दिवशी सापडत नाही. आणि गिटारवर तंबोऱ्यासारखी जवारी निघते का, हेही विचारायचं होतं.

मिरजेचा_भोपळा

निम्मं दुखणं सा मध्येच आहे बघा. गाणं काळी एकमध्ये आणि त्याला लागून येणारा गिटारचा घुमारा पांढरी तीनचा, कारण मोकळी जाड तार ई आहे. म्हणजे काळी एकच्या गाण्याआधी दोन मिनिटं तुम्ही त्याचा कोमल ग सा म्हणून कानात बसवताय. गाणं सुरू झालं की ऐकणाऱ्याला सा नव्याने शोधावा लागतो, आणि तिथंच अल्बम फाटतो. मिक्सिंग करून हे शिवता येत नाही.

गिटार सा-प-सा-म-प-सा लावा. जाड तारेकडून बारीककडे: सी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, जी शार्प, सी शार्प. हर्ट्झमध्ये ६९.३, १०३.८, १३८.६, १८५, २०७.७, २७७.२. यात सहावी, दुसरी आणि पहिली तार तीन-तीन अर्धे सूर खाली येतात, मधल्या तीन फक्त एकेक. म्हणून १०-४६चा संच चालणार नाही, बाहेरच्या तारा लोंबतील आणि पडद्यांवर खडखडतील. आख्खा १२-५४ घातला तर मधल्या तारा उगाच ताठ होतात. सुट्या तारा घेऊन १२, १६, १८, २८, ३८, ५४ असा संच जुळवा. १२ची तार सी शार्पवर जवळपास तेवढाच ताण धरते जेवढा १०ची ई वर धरते, त्यामुळे मान फारशी हलत नाही. सुट्या मिळाल्या नाहीत तर ११-४९वर भागेल, फक्त पहिली, दुसरी आणि सहावी थोडी सैल लागेल.

तारा बदलल्यावर दोन गोष्टी तपासा. नटची (खुंट्यांकडच्या, तारा टेकतात त्या पट्टीची) खाच ४६साठी कापलेली असते. त्यात ५४ची तार अडकते आणि खुंटी फिरवली की ‘टिंग’ करून सुटते, मग सूर उडी मारतो. बारीक गोल कानशीने खाच रुंद करा, खोल नको, आणि वर पेन्सिलीचं शिसं घासा. दुसरं, सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरा. सातव्या पडद्यापाशी तार आणि पडद्यात पाव मिलिमीटर फट हवी, पत्त्याच्या जाडीएवढी. कमी-जास्त असेल तर मानेतला रॉड पाव आटा फिरवायचा, तासभर ठेवायचं, परत मोजायचं. एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त नाही.

आता ग. गिटारच्या पडद्यावरचा शुद्ध ग तंबोऱ्याच्या सा-पसोबत मिळणाऱ्या ग पेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. एरवी हे कोणाच्या लक्षात येत नाही. पण खाली सा-पचा सलग घुमारा ठेवलात की तो चढा ग बोचायला लागतो, आणि बेळगाव-धारवाड पट्ट्यात तो ऐकणारे कान कमी नाहीत. संथ तुकड्यात ग पडद्यावर धरू नका. स्लाइडने घ्या, किंवा चौथ्या तारेवर त्याचा स्वयंभू ग काढा: चौथ्या पडद्याच्या किंचित मागे बोट नुसतं टेकवून छेडा. तारेचा पाचवा हिस्सा तिथं येतो आणि त्या हार्मोनिकमध्ये ग बरोबर मिळतो. प चा फरक दोनच सेंटचा आहे, तो सोडून द्या.

जवारी निघते, पण नुसता दोरा घालून नाही. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते. तार त्या बाकावर लोळत-लोळत सुटते म्हणून आवाज उमलतो. दोरा फक्त ती जागा नेमकी करतो. गिटारची सॅडल (घोडीवर तार टेकते तो भाग) धारेसारखी अरुंद, तिथं दोरा घातला तर आवाज नुसता बसतो. त्यासाठी सॅडलच्या लगेच पुढे, तारांखाली, २० ते २५ मिलिमीटर रुंदीची हाडाची किंवा टणक प्लॅस्टिकची पट्टी बसवायची. वरचा भाग ४०० आणि मग १०००च्या पॉलिश पेपरने इतका हलका बाकदार करायचा की पट्टी सपाटच वाटावी. पट्टीचा मागचा काठ तारेला जेमतेम टेकतो आणि पुढे उतार होत जातो, असं जमलं पाहिजे. मग दोरा सरकवत जागा शोधायची. ‘चर्रर्र’ आवाज आला तर तार बाकावर न लोळता पट्टीच्या कडेवर आपटतेय. कडा मारा, उंची वाढवू नका. साध्या तारांवर लवकर जमतं, गुंडाळीच्या तारांवर वेटोळी घासतात आणि खरखर येते. हाताने जमलं नाही तर मिरजेत सतारमेकर गल्लीत जवारी काढणारे हात आहेत, बेळगावहून थेट रेल्वे आहे. गिटार बघून हसतील, पण पट्टी घासून देतील.

निपाणी_फीडबॅक

घुंईबद्दल. आधी ती कुठून येते ते ठरवा, नॉच फिल्टर (आवाजातली एक अरुंद पट्टी कापणारा) शेवटी.

गिटार हातात धरून जागेवर हळूहळू गोल फिरा. आवाज कमी-जास्त झाला तर पिकअप हवेतून उचलतोय: ट्यूबलाइटचा चोक, डिमर, फॅनचा रेग्युलेटर, लॅपटॉपचा चार्जर. यांच्यापासून निदान दोन मीटर लांब बसा आणि जिथं सगळ्यात कमी येते त्या कोनात खुर्ची कायमची ठेवा, जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून. फिरून फरक पडला नाही आणि तारेला हात लावला की आवाज कमी होतो, तर अर्थिंग तपासा. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर काम घराच्या वायरिंगमध्ये आहे, गिटारमध्ये नाही. घुंई जावी म्हणून अँपची अर्थची पिन काढायचा सल्ला देणारे भेटतात. तसं कधीही करू नका. अँपमध्ये बिघाड झाला तर करंट तारांतून थेट अंगात येतो.

चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि आवाज गेला तर तो ग्राउंड लूप (अर्थच्या दोन वाटांमधून फिरणारा करंट). सगळं एकाच बोर्डावरून घ्या. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करत असाल तर इन्व्हर्टर कोणता ते बघा. स्क्वेअर वेव्हवाल्यावर ५० हर्ट्झसोबत वरचे सगळे विषम पट येतात, १५०, २५०, ३५०... आणि घुंईची कर्कश भुणभुण होते. प्युअर साइन वेव्ह लागतो.

एवढं करून राहिलेल्यासाठी नॉच. पण सांभाळा: वरच्या ट्यूनिंगमध्ये तुमचा खर्जातला प १०३.८ हर्ट्झवर आहे आणि घुंईचा दुसरा पट १०० वर. रुंद नॉच मारलात तर घुंईसोबत प सुद्धा जाईल. १०० हर्ट्झवर क्यू (फिल्टरचा अरुंदपणा) ३० ठेवा, म्हणजे कापलेली पट्टी ९८.३ ते १०१.७ एवढीच राहते. ५० आणि १५० वर तेवढी चिंता नाही.

मागांचं. खटखट दोन वाटांनी येते, हवेतून आणि जमिनीतून. जमिनीतून येणारी माइक स्टँडखाली जाड स्पंज आणि वर फरशीचा तुकडा ठेवला की बरीच कमी होते. माइकवर ६० हर्ट्झचा हाय पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) टाका, कारण तुमचा सगळ्यात खालचा सूर ६९ आहे. ८०ची सवयीची खूण इथं चालणार नाही. हवेतून येणारी खटखट खिडकीतून येते, तिथं गादी लावा. गाणं गायचं ते माग बंद असण्याच्या वेळा गल्लीत विचारून. इम्प्रोला मात्र खटखट येऊ द्या की. शहापूर-वडगावात बसून ती झाकण्यात काय मजा? एका मागाचे मिनिटाला टोले मोजा, आणि शेजारच्या गाण्याची लय तीच किंवा निम्मी धरा.

सहावी_तार (शहापूर, बेळगाव)

भोपळासाहेब, फीडबॅक, दोघांचेही आभार. चार्जर काढून बघितलं, निम्मी घुंई तिथंच गेली. आता उरलेले दोन: क्लिपा-पेन्सिलीचा आवाज पुन्हा कसा मिळवायचा, आणि डिले. शिवाय जुनं साडेतीन तासांचं सामान पांढरी तीनमध्ये आहे, ते टाकून द्यायचं का?

खानापूर_तिसरी_घोडी

क्लिपा-पेन्सिलीचं मी लिहितो.

आवाज सापडत नाही कारण वस्तू कुठं होती ते मोजलेलं नसतं. तारेवर दोन-तीन मिलिमीटर सरकलं की आवाज बदलतो. स्केल ६४८ मिलिमीटर आहे. शिवणकामाची टेप घ्या आणि घोडीपासूनचं अंतर लिहा, पडद्याचा नंबर नाही.

पेन्सिल किंवा स्क्रूड्रायव्हर तारांखाली सरकवला की ती तिसरी घोडी होते आणि तारेचे दोन तुकडे पडतात. एका बाजूला छेडलं की दुसरी बाजू आपोआप गुणगुणते, पण दोन्ही तुकड्यांचं प्रमाण साधं असेल तरच. ३२४ मिलिमीटरवर (बारावा पडदा) दोन्ही तुकडे सारखे, दोन्हींकडून वरचा सा. नटपासून २१६वर (सातवा पडदा) एक तुकडा ४३२चा, तो प देतो. दुसरा २१६चा, तो त्याच्या वरच्या सप्तकातला प. नटपासून १६२वर (पाचवा पडदा) मोठा तुकडा ४८६चा, त्यातून म मिळतो, आणि लहान तुकडा अतितारातला सा. ही तीन ठिकाणं घंटेसारखी वाजतात. मधलं कुठलंही ठिकाण पत्र्यासारखं वाजेल. ते हवं असेल तर घ्या, पण मोजून. स्क्रूड्रायव्हर इतका जाड नको की बारीक तारा त्यावर तुटायला याव्यात. ५ मिलिमीटरचा दांडा पुरतो, खाली लेदरचा तुकडा ठेवला तर पडदे घासत नाहीत.

क्लिप: छोटी क्रोकोडाइल क्लिप, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातली, दातांवरचं प्लॅस्टिक काढून. वजन तारेवर पडतं म्हणून सूर बेसूर होतो आणि घंटा-गोंगसारखा येतो. घोडीपासून तीन-चार सेंटिमीटरवर लावली तर स्वच्छ, मधोमध लावली तर सूरच उरत नाही. क्लिप सैल झाली की झणझण येते. दर वीस मिनिटांनी काढून परत दाबा. खोडरबराचा तुकडा दोन तारांमध्ये घोडीजवळ बसवला की आवाज मृदंगासारखा बंद होतो. ऑगस्टमध्ये इकडच्या हवेत रबर चिकट होतं आणि तारेवर काळा थर बसतो, तेव्हा काम झालं की लगेच काढा आणि तारा कोरड्या कपड्याने पुसा. पावसात पोलादी तार आठवड्यात गंजते. डबीत सिलिका जेल ठेवून गिटार केसमध्ये बंद.

बॅटरीवरचा छोटा पंखा तारांना लावून सलग घुमारा काढतात, पण त्याची मोटर पिकअपजवळ नेली की ब्रशच्या ठिणग्यांचा चिरका आवाज पिकअपमध्ये शिरतो. पंखा नटच्या बाजूला चालवा, पिकअपपासून २० सेंटिमीटर तरी लांब. ई-बो (तार चुंबकाने सतत कंपत ठेवणारं छोटं यंत्र) असेल तर उलटं, तो पिकअपच्या जितका जवळ तितका आवाज मोठा.

तिसरी घोडी किंवा कॅपो लावल्यावर नटच्या बाजूचा तुकडा इलेक्ट्रिकच्या पिकअपला ऐकू येत नाही, कारण पिकअप सगळे घोडीकडे आहेत. इंग्लिश गिटारवादक फ्रेड फ्रिथने १९७४च्या आपल्या एकल गिटारच्या अल्बमसाठी नटवर जादा पिकअप बसवून एकाच गिटारच्या दोन गिटारी केल्या होत्या, डावी वेगळी, उजवी वेगळी. तुम्ही २७ मिलिमीटरची पिझो चकती (कंपनाची वीज करणारी) वापरा, बझरमध्ये असते ती. शिल्डेड वायर झाळायची: मधली पांढरट चकती गरम, पितळी कडा अर्थ. डाग देताना सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवली तर चकतीचा थर उडतो. हेडस्टॉकच्या मागे दुहेरी टेपने चिकटवा.

ही चकती कुठल्या इनपुटमध्ये जाते ते महत्त्वाचं. चकतीची कपॅसिटी सुमारे २० नॅनोफॅरड धरा. १० किलोओहमच्या लाइन इनपुटला लावली तर ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळतं, डबा वाजवल्यासारखं ऐकू येतं, आणि लोक पिझोला नावं ठेवतात. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ बटण असतं तो इनपुट १ मेगाओहमच्या आसपास असतो. तिथं तीच चकती ८ हर्ट्झपर्यंत खाली जाते. दोन्ही इनपुटांवर ते बटण असेल तर एकात पिकअप, एकात पिझो, मिक्समध्ये पूर्ण डावं-उजवं. एकाच इनपुटवर असेल तर ते पिझोला द्या आणि पिकअप डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल माइक इनपुटला जुळवणारा डबा). लेव्हल टोकाला -१२ डीबीच्या वर नको, क्लिप लावलेल्या तारा अचानक उसळतात.

आणि कागद ठेवा: तारीख, तार कुठली, वस्तू कुठली, घोडीपासून किती मिलिमीटर, कुठल्या पिकअपवर. वर मोबाइलने फोटो, टेप तारेवर धरून.

लूपवाला

डिलेचा चिखल हा साधा हिशेब आहे. ५ सेकंदांचा डिले आणि ८० टक्के फीडबॅक (दर फेरीला परत आत जाणारा आवाज) असेल तर दर फेरीला आवाज १.९ डीबीने उतरतो. ६० डीबी उतरायला ३१ फेऱ्या, म्हणजे अडीच मिनिटांच्या वर. तुम्ही दोन मिनिटांत जे जे वाजवलंत ते सगळं अजून आत फिरतंय. ६५ टक्के ठेवा: फेरीला ३.७ डीबी, १६ फेऱ्या, ८० सेकंदांत मोकळं. १०० टक्क्यांच्या वर गेलात तर आवाज स्वतःच्याच जोरावर फुगत जातो. पाय पेडलवर असेल तरच तिकडे जा.

ब्रायन ईनो आणि गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच दोन रेव्हॉक्स टेपमशीनवर केलं. पहिल्यावर रेकॉर्ड, टेप तशीच दुसऱ्या मशीनवर, तिथून वाजलेलं परत पहिल्यात. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल तर हेडांमधल्या एक मीटर अंतराला सव्वापाच सेकंदांचा डिले मिळतो. त्यांचा चिखल कमी व्हायचा, कारण दर फेरीला टेप वरचे सूर खाते. डिजिटल डिले काही खात नाही. म्हणून फीडबॅकच्या वाटेवरच फिल्टर लावा: १५० हर्ट्झचा हाय पास, ४ किलोहर्ट्झचा लो पास (त्यावरचं कापणारा), दोन्ही हलक्या उताराचे. फिल्टर डिलेच्या पुढे लावलात तर एकदाच चालतो, फीडबॅकच्या आत लावला तर दर फेरीला. खर्जातला सा लूपमध्ये टाकूच नका, तो वेगळ्या ट्रॅकवर सुका ठेवा. एका लूपमध्ये तीन सूर पुरे. कोमल रे आणि शुद्ध रे एकाच लूपमध्ये घेतले तर कुठलाच फिल्टर वाचवणार नाही.

रेकॉर्ड करताना दोन ट्रॅक: एकावर सुकी गिटार, एकावर डिलेचा आवाज. फक्त सुकी ठेवून नंतर डिले लावू म्हणाल तर फसाल, कारण वाजवताना हात डिलेला उत्तर देत असतो. डिले बदलला की ती उत्तरं हवेत लटकतात. बफर (लॅपटॉप एका वेळी जेवढे सँपल हाताळतो तो आकडा) १२८ ठेवा, ४८ किलोहर्ट्झवर पावणेतीन मिलिसेकंद होतो. १०२४ ठेवलात तर २१ मिलिसेकंद, बोटं मागे पडतात. २४ बिट ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६ एमबी. चार ट्रॅक तासभर चालवले तर २ जीबी. डिस्क बघून बसा.

साडेतीन तासांचं सामान टाकू नका. पांढरी तीनपासून काळी एक तीन अर्धे सूर खाली आहे. फाइलचा वेग ०.८४१ करा, म्हणजे सूर आणि लय दोन्ही खाली जातील, टेप हळू चालवल्यासारखी. दहा मिनिटांचा तुकडा सुमारे बारा मिनिटांचा होतो आणि आवाज जड, दाट होतो. क्लिपांचे आवाज असे उतरवले की गोंग होतात. वेग न बदलता फक्त सूर उतरवणारं प्लगइन वापरू नका, तारेच्या आघातावर ते भिजल्यासारखं ऐकू येतं. आणि आधीच थोडे उतरलेले तुकडे ट्यूनरवर तपासा. सलग घुमाऱ्याखाली १० सेंटचा फरकसुद्धा १३८ हर्ट्झच्या सा वर सव्वा सेकंदाला एक अशी लाट उठवतो. १० सेंट म्हणजे वेगात ०.५८ टक्के, तेवढंच फिरवा.

टिळकवाडी_मिक्स

सगळं बरोबर आहे, पण सांधा शेवटी कापण्यात असतो, त्याबद्दल कोणी बोललं नाही.

वाजवून झालं की त्याच वेळी मार्कर टाका, जिथं काहीतरी झालं असं वाटलं तिथं. मग दोन दिवस ऐकू नका. नंतर फक्त मार्करच्या आसपासचं ऐका. २५ मिनिटांतून ३ मिनिटं निघाली तर भरपूर.

कट घुमाऱ्याच्या मध्यावर नको. तार छेडल्याच्या क्षणाच्या किंचित आधी कापा आणि २० ते ५० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज उतरवत दुसरा चढवणं) द्या, नव्या आघाताखाली जोड लपते. दोन घुमारे जोडायचे असतील तर क्रॉसफेड १ ते ३ सेकंदांचा, आणि दोन्हींचा सा एकच असल्याची खात्री करून. गाण्याच्या सुरुवातीला इम्प्रोचा घुमारा गायकाच्या पहिल्या शब्दाखाली दीड-दोन ओळी चालू राहू द्या आणि समेवर काढा. गाणं संपल्यावर लगेच शांतता देऊ नका.

शांतता म्हणजे काय, हाही प्रश्न आहे. इम्प्रोमध्ये खोलीचा आवाज आहे: पत्र्यावरचा पाऊस, माग, उरलेली घुंई. गाणं स्वच्छ आहे. जिथं खोलीचा आवाज पटकन बंद होतो तिथं कान दचकतो, आणि ‘दोन वेगळे अल्बम’ वाटण्याचं मोठं कारण माझ्या मते हेच. प्रत्येक बैठकीत काही न वाजवता ६० सेकंद खोली रेकॉर्ड करा आणि तो ट्रॅक गाण्यांखालीही हलका पसरा. म्हणूनच गाणी भाड्याच्या स्टुडिओत आणि इम्प्रो घरी असं वाटून घेऊ नका. स्टुडिओ परवडत असेल तर सगळं तिथं, नसेल तर सगळं याच खोलीत.

अँपला माइक आणि डीआय दोन्ही घेत असाल तर ५७ जाळीपासून ३ सेंटिमीटरवर ठेवा, स्पीकरच्या शंकूच्या मधोमध नाही, अर्ध्या वाटेवर. माइक ३० सेंटिमीटर मागे नेलात तर आवाज ०.९ मिलिसेकंद उशिरा येतो, ४२ सँपल. डीआय ट्रॅक तेवढा उशिरा सुरू होईल असा सरकवा, नाहीतर दोन्ही मिळून आवाज पोकळ होतो.

निपाणी_फीडबॅक

इथं थोडा मतभेद. गाणी याच खोलीत हे मान्य, पण एक इम्प्रो तरी मोठ्या खोलीत करा. १५ वॉटचा अँप १० बाय १२मध्ये पूर्ण उघडता येत नाही, आणि तार-स्पीकरचा खरा फीडबॅक अँप उघडल्याशिवाय मिळत नाही. शाळेचा रिकामा हॉल सुट्टीत मिळतो. तिथली ६० सेकंदांची शांतताही घेऊन या.

टिळकवाडी_मिक्स

तेवढं चालेल, पण तो तुकडा अल्बमच्या मध्यावर ठेवा. खोली बदलल्याचं तिथं मुद्दाम केल्यासारखं वाटेल.

मास्टरिंगबद्दल थोडक्यात: स्ट्रीमिंगवाले -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आवाज समान करतात. म्हणून प्रत्येक इम्प्रो ओढून -१४ला आणू नका, घुमाऱ्यातली खरखर गाण्याएवढी मोठी होईल. गाणी -१४ला, इम्प्रो कानाला बरे वाटतील तेवढे खाली, टोक -१ डीबी. अल्बम क्रमाने ऐकला तर काही सेवा आतला चढउतार तसाच ठेवतात.

कवितांची परवानगी: आपल्याकडे हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. बालकवी १९१८ला गेले, तुकोबांचा प्रश्नच नाही. पण एखाद्या कवितेला आधी कोणी लावलेली चाल घेणार असाल तर चालीचा हक्क वेगळा मोजायचा. चाल तुमची स्वतःची असेल तर निर्धास्त.

सहावी_तार (शहापूर, बेळगाव)

चाली स्वतःच्याच आहेत. सुट्या तारा मागवल्या. एकच शंका: ०.८४१ केल्यावर मागाच्या खटखटीचा वेगही उतरेल ना? मग गाण्याची लय कुठल्या वेगाला धरायची?

लूपवाला

उतरलेल्या वेगाला. मिनिटाला १२० टोले असतील तर ते १०१ होतात. गाणं १०१ किंवा साडेपन्नासला धरा, आणि क्लिक ट्रॅकऐवजी तीच उतरवलेली खटखट हेडफोनमध्ये देऊन गाऊन घ्या.